आधी पाळ बघा, मग तलाव: भंडाऱ्याहून एका दिवसात होणारे तलाव

भंडाऱ्यात पाहुणे आले की एक प्रश्न ठरलेला असतो: एवढी मोठी नदी गावाला लागून आहे, मग नदीवरच का नाही जायचं? जा की. कारधाच्या जुन्या पुलाकडून दिवस मावळताना वैनगंगा सुरेख दिसते. फोटो काढा आणि परत या, पाण्यात पाय मात्र घालू नका. गोसेखुर्दला पाणी अडवल्यापासून आमची नदी शहराजवळ वाहते कमी, साचून जास्त राहते. त्यात कन्हानमार्गे नागपूरच्या नाग नदीची घाण येऊन मिळते. काठाला जलपर्णी दाटली की वासही येतो. नदीच बघायची असा हट्ट असेल तर अंभोऱ्याला जावं. तिथे कन्हान वैनगंगेला मिळते, चैतन्येश्वराचं देऊळ आहे, आणि २०२४ साली सुरू झालेला तारांचा नवा पूल आहे. त्या पुलाच्या उंच गॅलरीतून पाण्याचा पसारा असा दिसतो की पुण्याहून आलेली माणसंही दोन मिनिटं गप्प बसतात.

पण पाण्याकाठी दिवस घालवायचा तर तलाव. आमचा जिल्हा तलावांचाच. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला तेव्हा नावाजलेले मोठे तलाव बरेचसे तिकडे गेले, पण भंडाऱ्याहून सकाळी निघून रात्री घरी जेवायला येता येईल एवढ्याच अंतरात सगळं आहे.

मी पाटबंधाऱ्याच्या नोकरीत कालवा निरीक्षक होतो. हे सांगतो ते मोठेपणासाठी नाही, तर माझी गुण द्यायची पद्धत कळावी म्हणून. लोक तलावावर पोचले की आधी बोट शोधतात, मग चहा. मी आधी पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर चढतो. पाळीला घुशींनी बिळं केलीत का, सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, मोकळा आहे की त्यात बेशरमाची झुडपं माजलीत, पाटाचं तोंड साफ केलंय का, एवढं बघतो. माझी सौ. म्हणते, "अहो, निवृत्त झालात, आता तरी पाणी बघा." तिचं बरोबर असेल. पण माझा अनुभव असा की ज्या तलावाच्या पाण्यासाठी शेतकरी अजून भांडतात, तोच तलाव फिरायला चांगला असतो. तिथली पाळ चालण्यासारखी असते, कोणीतरी येत-जात असतं, फुटक्या बाटल्या कमी असतात. ज्या पाळीकडे गावाने पाठ फिरवली, तिथे संध्याकाळी नुसत्या पार्ट्या बसतात.

पूर्व विदर्भात असे जुने तलाव साडेसहा हजारांच्या वर आहेत. सरकारी कागदात ते 'माजी मालगुजारी तलाव', बोलताना सगळे मामा तलाव म्हणतात. बरेचसे कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळात बांधले. उतारावरचं पाणी अडवायचं, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, भिजवायच्या, वरच्या तलावाचं उतू गेलेलं पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात घ्यायचं, असा सगळा हिशोब. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गावाच्या हाती निस्ताराचे, म्हणजे रोजच्या वापराचे हक्क राहिले. आज शंभर हेक्टरच्या आतले तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधाऱ्याकडे आहेत. हे सगळं सहलीला निघताना कशाला, असं वाटेल. वाटू द्या. जानेवारीत पोचल्यावर "अरे, पाणी एवढं खाली कसं?" असं म्हणून जे तोंड पाडतात त्यांच्यासाठी आहे हे. पाणी खाली जातं, कारण ते त्यासाठीच साठवलेलं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाने दगा दिला आणि धान निसवायला आला की पाट सुटतो. तुडुंब तलाव बघायचा तर पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत या, पक्षी बघायचे तर डिसेंबर-जानेवारीत. दोन्ही एकदम मिळणार नाही.

आता एकेक घेतो. जवळच्यांवर फार वेळ घालवत नाही.

खांब तलाव शहरातच आहे. सकाळी फिरायला ठीक, त्यासाठी बाहेरगावाहून येऊ नये. रावणवाडीचं धरण डोंगरांच्या कुशीत आहे आणि भंडाऱ्याची पोरं-पोरी पावसाळ्यात तिथेच जातात. आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर शांत मिळेल. रविवारी गेलात तर स्पीकरवर कोणाची तरी हळद चालू असल्यासारखं वाटतं. कोक्याचं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे. तिथलं पाणी बघायचं तर वनखात्याच्या गेटातून रीतसर परवानगी घेऊन जिप्सीने, म्हणजे तो बेत वाघ-अस्वलाचा झाला, तलावाचा नाही. शिवनीबांध साकोलीजवळ. तासाभराचा मुक्काम म्हणून मला तो आवडतो. पाळीवरून सकाळी चालायला मजा येते, आणि हायवेपासून फार आत नसल्याने म्हाताऱ्या माणसांना सोयीचा. साकोलीच्या बसस्टँडवर दिवाळीच्या आसपास उकडलेले शिंगाडे मिळतात, काळे, गरम, कागदाच्या पुडीत. ते घ्यायला विसरू नका. याच भागातल्या तलावांत पिकतात ते.

नवेगावबांधासाठी मात्र सगळा दिवस राखून ठेवा.

भंडाऱ्याहून हायवेने साकोली, सौंदड, मग कोहमाऱ्याला उजवीकडे. पहाटे निघालात तर नाश्त्याच्या वेळेला तलावावर. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. जुन्या गॅझेटियरात त्याचा घेर सतरा मैल दिलाय. आमच्या नोकरीत आम्ही सिमेंट, दगड, रोलर, सगळं घेऊन छोटी छोटी धरणं बांधली आणि त्यातली काही गळतात. इथे डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीने बुजवून पाणी अडवलं आणि तीनशे वर्षं ते तिथेच आहे. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. कोलू पाटलाला लोकांनी देव केलं, कोलासूर म्हणून त्याची पूजा होते. कुठल्याही अभियंत्याला मिळालेलं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं बक्षीस तेच. आमच्यापैकी कोणाला नारळ काय, निरोप समारंभाला शालसुद्धा वेळेवर आली नाही.

तलावाला लागून राष्ट्रीय उद्यान आहे, १९७५ चं. २०१३ मध्ये नागझिऱ्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. सफारीचं बुकिंग वेगळं, तलावाकाठचा पर्यटनाचा भाग वेगळा. हे दोन एकत्र समजून पुष्कळ लोक गेटावर वाद घालतात. नुसता तलाव बघायला सफारीची गरज नाही. पाण्याच्या मधोमध मालडोंगरी नावाचं बेट आहे, बोट चालू असेल तर तिकडे जाता येतं. हिलटॉपच्या बागेतून तलावाचा सगळा आकार एका नजरेत मावतो. गुडघे साथ देत असतील तर सकाळीच चढून घ्या, दुपारी पाण्यावर नुसती चमक दिसते.

माझी शिफारस अशी की बोटीच्या आधी ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या घाटावर जा. सकाळी सात ते नऊ ही त्यांची परतायची वेळ. गेल्या हिवाळ्यात मी नातवाला घेऊन तिथे बसलो होतो. एक वयस्क ढिवर डोंग्यातून उतरला, जाळं काठावर पसरलं आणि गुडघ्यावर बसून एकेक मासा सोडवायला लागला. रोहूचं डोकं जाळ्यात अडकलं की ओढायचं नाही. अंगठ्याने कल्ल्यामागचा धागा वर उचलायचा, माशाला जरा मागे ढकलायचं, मग तो आपणच सुटून येतो. ओढलं तर धागा तुटतो आणि संध्याकाळ जाळं विणण्यात जाते. मरळ वेगळ्या टोपल्यात जात होती, कारण ती पाण्याबाहेरही बराच वेळ जगते आणि जिवंत मरळीला भाव जास्त. झिंगे एका जुन्या डालड्याच्या डब्यात. नातवाने विचारलं, "आजोबा, हे सगळे मासे यांचे?" त्यांनीच उत्तर दिलं, "नाही जी बाळा, सोसायटीचे. आमचा वाटा भेटते." मी विचारलं, पाणी कसं आहे यंदा. "उतरून रायलं साहेब. पाट दोनदा सुटला." माझ्याकडे बघून ते साहेब म्हणाले की माझ्या चपलांकडे, कोणास ठाऊक.

या ढिवरांनी आणि काही अभ्यासू मंडळींनी मिळून इथल्या बऱ्याच तलावांत एक काम केलंय, ते बघण्यासारखं आहे. तलावांत बेशरम माजला, नुसते बाहेरचे कटला-रोहू सोडले, त्याने गावरान मासे आणि पाणवनस्पती कमी झाल्या. मग तलावातलं बेशरम उपटून, तळ नांगरून, जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावायचं काम अर्जुनी-मोरगाव भागातल्या काही गावांत झालं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था त्यात बरीच वर्षं आहे. वनस्पती आल्या तसे मासे आले, माशांमागे पक्षी. तुम्हाला एखाद्या लहानशा बोडीवर, जिचं नावही कोणी ऐकलं नाही, अचानक कमळपक्षी पानांवरून चालताना दिसला तर त्यामागे कोणाचे तरी हात लागलेले असतात.

पक्ष्यांचं म्हणाल तर मी जाणकार नाही, जाणकारांच्या मागे उभा राहून दुर्बीण मागणारा आहे. तरी हळदीकुंकू बदक मला आता लांबून ओळखता येतं, चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि बुडाशी लाल. वारकरी नावाचे पाणपक्षी तर थव्याने असतात, काळे, कपाळाला पांढरा टिळा. अडई बदकं संध्याकाळी शीळ घालत जातात. थंडीत उत्तरेकडून पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हंस. पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या चिखलात लांब पायांचे पक्षी उतरतात, आणि धान कापलेल्या बांध्यांत लाखोळी डाळीच्या पिकाला निळसर फुलं येतात. पाळीच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला हे, असं जानेवारीतलं चित्र आहे. एवढ्यासाठी मी नवेगावला दहापैकी नऊ देतो. एक गुण पार्किंगजवळच्या प्लास्टिकमुळे कापला.

सारस बघायचा असेल तर नवेगावला थांबू नका, गोंदिया तालुक्याच्या बाजूला परसवाडा-झिलमिलीकडचे तलाव आणि धानाच्या बांध्या हे त्याचं घर. माणसाच्या उंचीचा पक्षी, जोडीने हिंडतो, आणि घरटं धानाच्या शेतातच करतो. गोंदिया जिल्ह्यात आता चाळिसाच्या आतच उरलेत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून त्यांची दखल घेतली, एवढी वेळ आली. म्हणून विनंती आहे: दिसला तर रस्त्यावरूनच बघा. मोबाइल घेऊन बांधीत उतरणारा एक माणूस सारसाने घरटं सोडून जायला पुरेसा असतो, शिवाय शेतकऱ्याचा धान तुडवला जातो तो वेगळाच.

इटियाडोह नवेगावहून पुढे, गोठणगावजवळ, गाढवी नदीवरचं धरण. ते मामा तलावांपैकी नव्हे, सरकारी आहे, १९७० च्या सुमाराचं. सांडवा चालू असताना बघायला गर्दी होते. पोहायला उतरू नका. शांत दिसणाऱ्या धरणाचा तळ सपाट नसतो, बुडालेली झाडंझुडपं असतात, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धरणावर कोणाची तरी पोरं जातात. नोकरीत असताना ते प्रसंग पाहिलेत, त्यावर जास्त लिहीत नाही. इटियाडोहला जाण्याचं माझं खरं कारण जेवण आहे. जवळच तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७२ पासून ती माणसं इथे धान पिकवतात आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला गावोगाव जातात. तिथे गरम थुक्पा मिळाला तर प्या. माझ्या सौ.ने पहिल्यांदा भीतभीत खाल्ला, दुसऱ्यांदा लाल मिरचीची चटणी मागून घेतली, आणि आता म्हणते, "आपल्या शेवयांना असा रस्सा का नाही करत कोणी?" वसाहतीचं मंदिर बघताना चपला काढा, आवाज खाली ठेवा.

तुमसरच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी चांदपूर. सिहोऱ्याजवळचा मोठा जलाशय, टेकडीवर हनुमानाचं देवस्थान. शनिवारी भाविकांची रीघ, इतर दिवशी पाळीवरून लांबच लांब पाणी. आमच्यासारख्यांना त्यातली गोडी अशी की या जलाशयात नुसतं पावसाचं पाणी नाही, सोंड्याटोल्याहून बावनथडीचं पाणी उपसून टाकतात. नातवाला ते सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे टाकी भरतात तसं." अगदी तसंच.

आता तक्रार. एका तलावावर, नाव घेत नाही, बोटिंगचं तिकीट काढलं. लाइफ जॅकेट मागितलं तर खुंटीवरचं काढून दिलं, त्याचं बक्कल तुटलेलं. दुसरं दिलं, त्याला पट्टाच नाही. मुलगा म्हणाला, "काका, नुसतं अंगावर घ्या, फोटोत दिसते." मी म्हटलं, बुडताना फोटो कोण काढणार? पैसे परत मागितले, तर ते मिळत नाहीत अशी पाटी लावलेली. पाटी मात्र नवी कोरी होती. मग पायऱ्यांजवळ बसून चिवडा खाल्ला. तिथेच स्वच्छतागृह बांधलेलं आहे, टाइल्स लावलेलं, आणि कुलूप. चावी कोणाकडे? "ते जेवायला गेले." चार वाजेपर्यंत ते जेवतच होते. बायकांनी काय करायचं? सौ.ने तिथे असलेल्या तक्रारवहीत पानभर लिहिलं. त्याआधीच्या पानांवरही बायकांचीच अक्षरं होती, तारखा वेगवेगळ्या, मजकूर एक. बोटी नव्या आणण्याआधी एक चावी लावायची सोय करा, तलाव आपोआप चालेल.

त्यामुळे बायका-मुलं बरोबर असतील तर साकोली किंवा कोहमाऱ्याच्या हायवेवरच्या हॉटेलात आधी थांबून घ्या. जॅकेटचं बक्कल स्वतः लावून बघा, बोटवाला रागावला तर रागावू द्या. डबा घरून न्या. आमच्याकडे पूर्वी तलावावर गेलं की पानगे आणि वांग्याची भाजी हे ठरलेलं, पळसाच्या पानात गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले. आता जंगलाच्या काठाला जाळ करू देत नाहीत आणि योग्यच आहे, फेब्रुवारीनंतर एक ठिणगी पुरते. पानगे घरीच भाजा, गार झाले तरी तूप लावून चांगले लागतात. मासे घ्यायचे तर घाटावर नऊच्या आत, वजन समोर करून, आणि घासाघीस थोडीच करा. बर्फाचा डबा गाडीत असू द्या. मरळ मात्र ओल्या गोणपाटातही घरापर्यंत तग धरते.

स्वतःची गाडी नसेल तरी नवेगाव होतं. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावर देवळगाव नावाचं लहान स्टेशन आहे, तिथून तलाव जवळ, ऑटो मिळतो. त्या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत, म्हणून उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ स्टेशनमास्तरांकडून विचारून घ्या, आणि ऑटोवाल्याशी जाण्या-येण्याचं एकदमच ठरवा.